जुन्या शहरातल्या रेट्रो हॉटेलात पहिला मुक्काम करताना

ऐतिहासिक शहराच्या जुन्या भागातील एखाद्या रेट्रो डिझाइन हॉटेलात खोली घेतली, की पाहुण्याला एकाच छपराखाली तीन काळांशी जमवून घ्यावे लागते. इमारत दोन-तीन शतकांपूर्वीची असते, खोलीतील सजावट १९६० किंवा १९७० च्या दशकाची आठवण करून देणारी असते आणि गरम पाणी, इंटरनेट, लिफ्ट यांच्याबद्दलच्या अपेक्षा मात्र आजच्या असतात. नवख्या पाहुण्याच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी या तिन्हींची गल्लत असते: खोली निवडली जाते सजावट पाहून, त्रास होतो इमारतीचा आणि राग निघतो स्वागतकक्षात बसलेल्या माणसावर. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर समोरची गोष्ट या तिन्हींपैकी कोणत्या काळाची आहे, एवढे स्वतःला विचारावे. ते कळले की ती वस्तू कशी वापरावी, तिच्याकडून किती अपेक्षा धरावी आणि कशाबद्दल तक्रार करणे रास्त आहे, हे ठरवणे सोपे जाते.

पहिली पायरी: हॉटेल नक्की कोणत्या अर्थाने जुने आहे ते ओळखणे

हॉटेलांच्या जाहिरातींत ‘अँटीक’, ‘व्हिंटेज’ आणि ‘रेट्रो’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात; जुन्या वस्तूंच्या व्यवहारात मात्र त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. साधारणपणे शंभर वर्षे उलटलेल्या वस्तूला अँटीक म्हणतात, त्याहून अलीकडची परंतु आपापल्या काळात खरोखर घडलेली वस्तू व्हिंटेज ठरते आणि जुन्या धाटणीने आज बनवलेल्या नव्या वस्तूला रेट्रो म्हणतात. व्हिंटेज खुर्चीचे कापड आणि सांधे पन्नास-साठ वर्षांचे असू शकतात, त्यामुळे तिच्या हातावर बसणे किंवा पाठीवर ओला टॉवेल वाळत घालणे महागात पडते. रेट्रो खुर्ची गेल्या वर्षी कारखान्यातून आलेली असली, तर एवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

अशा हॉटेलांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात हॉटेलच त्या काळात बांधलेले असते. कोपनहेगनमधील एसएएस रॉयल हॉटेल १९६० मध्ये सुरू झाले, तेव्हा वास्तुरचनाकार आर्ने याकोबसन यांनी इमारतीपासून दारांच्या मुठी, दिवे आणि जेवणाच्या काट्या-चमच्यांपर्यंत सर्व काही स्वतः आखले होते, आणि ‘एग’ व ‘स्वान’ या नावांनी पुढे जगभर पोहोचलेल्या खुर्च्या याच कामासाठी घडल्या. आज त्या हॉटेलात ६०६ क्रमांकाची एक खोली मूळ रूपात जपलेली आहे; बाकीच्या खोल्या काळानुसार बदलत गेल्या. इटलीतील सोरेंतो येथे १९६२ साली उघडलेल्या पार्को देई प्रिंचिपी या हॉटेलासाठी वास्तुरचनाकार जिओ पोंती यांनी फरशांचे निळ्या-पांढऱ्या रंगांतील ३० नमुने तयार केले होते. अशा ठिकाणी आपण एका अर्थाने संग्रहालयात झोपत असतो, तेव्हा बुकिंग करताना ‘मूळ खोली’ आणि ‘नूतनीकरण केलेली खोली’ यांतील आपल्याला कोणती मिळणार आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसऱ्या प्रकारात वेगळ्याच कामासाठी बांधलेल्या वास्तूचे हॉटेल झालेले असते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरील टीडब्ल्यूए या विमान कंपनीचे टर्मिनल हे वास्तुरचनाकार ईरो सारिनेन यांचे काम १९६२ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले, २००१ मध्ये बंद पडले आणि २०१९ मध्ये त्याचेच हॉटेल झाले. ते जुन्या शहराच्या गल्लीत नसले, तरी या प्रकाराचा स्वभाव त्यातून कळतो: भव्य जागा मूळची असते, झोपण्याच्या खोल्या नव्याने बांधलेल्या असतात. तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. जुन्या शहरातील एखादे व्यापाऱ्याचे घर, गोदाम किंवा छापखाना विकत घेतला जातो, आतून रंग, भिंतीचा कागद, दिवे आणि फर्निचर यांच्या साहाय्याने एखादे दशक उभे केले जाते आणि बाहेरची भिंत होती तशीच राहते. पुढील मजकूर मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराला धरून आहे.

छायाचित्रे पाहताना खुर्च्या आणि दिवे यांच्याकडे जाणारी नजर जाणीवपूर्वक छताकडे, खिडकीकडे आणि बाथरूमकडे वळवावी. उतरते छत दिसले, तर ती पोटमाळ्याची खोली आहे आणि उन्हाळ्यात ती तापणार. सर्व खोल्यांत तेच फर्निचर दिसत असेल, तर ते बहुधा एकगठ्ठा बनवून घेतलेले आहे. प्रत्येक खोली वेगळी दिसत असेल, तर वस्तू जुन्या बाजारांतून गोळा केलेल्या असण्याचा संभव अधिक, आणि मग छायाचित्रात आवडलेली खोली आपल्याला मिळेलच असे नाही. तीच हवी असल्यास तिचा क्रमांक किंवा नाव लिहून मागावे. बाथरूमचे एकही छायाचित्र नसेल, तर मी त्याचा अर्थ प्रतिकूलच लावतो आणि अजून तरी त्यात माझी चूक झालेली नाही.

सजावट कोणत्या दशकाची आहे हे ओळखता आले, तर शरीराला काय सोसावे लागेल याचाही अंदाज येतो. १९५० च्या दशकाच्या धाटणीत निमुळत्या लाकडी पायांचे, जमिनीपासून उचललेले हलके फर्निचर असते आणि ते वापरायला सहसा सोपे जाते. १९६० च्या दशकात प्लास्टिकने खुर्चीला चार पायांपासून मोकळे केले: ईरो आर्निओ यांची गोळ्यासारखी ‘बॉल’ खुर्ची १९६३ ची, तर व्हर्नर पँटन यांची एकाच तुकड्यात ओतलेली, पाय नसलेली खुर्ची १९६७ मध्ये उत्पादनात आली. या खुर्च्या डोळ्यांना सुखावतात, पण लॅपटॉप घेऊन तीन तास काम करायला त्या उपयोगी नाहीत. १९७० च्या दशकाची नक्कल करणाऱ्या खोल्यांत केशरी-तपकिरी रंग, जाड गालिचे आणि जमिनीलगत बसकी आसने असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाने हे आधीच लक्षात घ्यावे, आणि धुळीची ॲलर्जी असणाऱ्याने गालिचा नसलेली खोली मागावी. मिलानमध्ये एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ‘मेम्फिस’ शैलीच्या खोल्या भडक रंगाच्या सनमायक्याने मढवलेल्या असतात. त्या पुसायला सोप्या असल्याने स्वच्छ राहतात; मात्र तिरक्या फळ्यांच्या त्या कपाटांत कपडे कुठे ठेवायचे, हा प्रश्न अखेरपर्यंत सुटत नाही.

दुसरी पायरी: बुकिंगपूर्वी पत्र लिहिणे

बुकिंगच्या संकेतस्थळावर ‘लिफ्ट’ या शब्दापुढे खूण दिसली म्हणून निश्चिंत राहू नये. जुन्या इमारतीत जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली लिफ्ट दोन माणसांपुरती असू शकते, ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू न होता सात-आठ पायऱ्या चढल्यावर सुरू होऊ शकते आणि शेवटच्या मजल्यापर्यंत न पोहोचताही थांबू शकते. मजल्यांची मोजणीही फसवी असते. युरोपात बहुतेक ठिकाणी रस्त्यालगतचा मजला शून्य धरतात, आणि व्हिएन्नातील जुन्या इमारतींत तर तळमजला व पहिला मजला यांच्यामध्ये ‘होखपार्टेर’ आणि ‘मेझानिन’ अशी नावे असलेले मजले आढळतात, त्यामुळे कागदावरचा तिसरा मजला पायांना पाचवा वाटू शकतो. म्हणून मजला विचारण्याऐवजी, रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत लिफ्टशिवाय एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतील, हे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर आकड्यातच द्यावे लागते.

त्याच पत्रात आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात, हे महत्त्वाचे आहे, कारण चौकातील खोली काळोखी पण शांत असते आणि रस्त्याकडील खोली देखणी पण गजबजलेली असते. बाथरूमला भिंत आणि बंद होणारे दार आहे का, हे विचारायला संकोच वाटू नये. डिझाइन हॉटेलांत काचेच्या पारदर्शक भिंतीचे बाथरूम किंवा पलंगाशेजारीच ठेवलेला टब या गोष्टी नवीन राहिलेल्या नाहीत, आणि वडीलधाऱ्यांसोबत किंवा मित्रासोबत खोली घेतलेल्या माणसाला हे तेथे पोहोचल्यावर कळणे फार अवघड जाते. वातानुकूलन आहे की केवळ पंखा, पलंग एक की दोन जोडलेले, खोलीत येण्याची वेळ रात्री उशिरा असल्यास दार कोण उघडणार, आणि शहराचा पर्यटन कर दरात धरलेला आहे की जागेवर वेगळा द्यायचा, एवढे विचारले की पत्र पुरे झाले. उत्तर कसे येते याकडेही लक्ष द्यावे. प्रश्नागणिक उत्तर देणारे हॉटेल मुक्कामातही सहसा चांगले निघते. सर्व प्रश्नांना मिळून ‘आपल्या स्वागतास आम्ही उत्सुक आहोत’ असे एकच वाक्य आले, तर दुसरे हॉटेल पाहावे.

वातानुकूलन नसल्याचे कळल्यावर लगेच नाक मुरडू नये. जुन्या शहरांच्या गाभ्याला बहुतेक ठिकाणी संरक्षण मिळालेले असते. पोलंडमधील क्राकूव्ह आणि इक्वेडोरमधील कीटो या शहरांचे जुने भाग १९७८ मध्ये जागतिक वारसा यादीच्या अगदी पहिल्या तुकडीतच समाविष्ट झाले आणि तेव्हापासून अशा शहरांची संख्या वाढतच गेली. संरक्षित इमारतीच्या दर्शनी भिंतीवर यंत्राचा खोका टांगणे, खिडकीची चौकट बदलणे किंवा लिफ्टसाठी भिंत फोडणे यांसाठी परवानगी लागते आणि ती अनेकदा मिळत नाही. ही गैरसोय इमारतीच्या काळाची आहे. तिच्याबद्दल आधी माहिती न देणे हा मात्र आजच्या काळातला दोष आहे आणि त्याबद्दल जरूर बोलावे.

तिसरी पायरी: दारापर्यंत पोहोचणे

जुन्या शहरात नकाशावर पाच मिनिटांचे दिसणारे अंतर सामानासह वीस मिनिटांचे होते. दगडी फरसबंदीवर लहान चाकांची बॅग अडखळते आणि तिचे चाक निखळण्याचीही शक्यता असते, म्हणून मोठ्या रबरी चाकांची बॅग किंवा पाठीवरची पिशवी बरी. व्हेनिसमध्ये मोटारी शहराच्या कडेला असलेल्या पिआत्साले रोमा या चौकापर्यंतच जातात. तेथून पुढे जलबस किंवा पायी चालणे, आणि पायी चालायचे म्हटले तर प्रत्येक पूल म्हणजे चढ-उताराच्या पायऱ्या. अशा शहरात हॉटेल निवडताना जलबसच्या थांब्यापासून मध्ये किती पूल लागतात, हे पाहणे अंतर पाहण्यापेक्षा उपयोगाचे ठरते.

भाड्याच्या मोटारीने जाणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. फ्लॉरेन्स, रोम यांसारख्या इटालियन शहरांच्या जुन्या भागांत मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते, तेथील प्रवेशावर कॅमेरे वाहनांचे क्रमांक टिपतात आणि परवान्याशिवाय शिरलेल्या वाहनाचा दंड काही महिन्यांनी भाडेकंपनीमार्फत घरी येऊन पोहोचतो. हॉटेल या क्षेत्राच्या आत असेल, तर वाहनाचा क्रमांक कळवल्यावर ते सहसा नोंदणी करून देते; ही नोंदणी कोणत्या दिवसांसाठी झाली, हे लेखी मागून ठेवावे.

हॉटेलची पाटी मोठी असेल अशी अपेक्षा धरू नये. संरक्षित भागात पाट्यांवर बंधने असतात, आणि डिझाइन हॉटेलांना पाटी लहान ठेवण्याची स्वतःचीही हौस असते. दाराचे छायाचित्र आणि घंटेवरचे नाव आधी मागवून घेतले, तर रात्री साडेअकराला अनोळखी गल्लीत तीन वेळा एकाच दारासमोरून जाण्याची वेळ येत नाही.

चौथी पायरी: खोली ताब्यात घेणे

स्वागतकक्षात ओळखपत्र, स्वाक्षरी आणि कर हे सोपस्कार कुठल्याही हॉटेलासारखेच असतात. येथे एक गोष्ट अधिक करावी: खोलीतील वस्तूंपैकी कोणत्या वापरायच्या आहेत आणि कोणत्या केवळ मांडलेल्या आहेत, हे स्पष्ट विचारून घ्यावे. चांगल्या हॉटेलात हे सांगणारा कागद असतो. नसेल, तर खोली दाखवायला कोणाला तरी सोबत येण्याची विनंती करावी. त्यात कमीपणा नाही.

किल्ली बहुधा पितळेच्या जड गोळ्याला किंवा लाकडी ठोकळ्याला लावलेली असेल. ते वजन मुद्दामच असते, म्हणजे पाहुणा ती खिशात घालून शहरभर न फिरता बाहेर पडताना स्वागतकक्षात ठेवतो. जुन्या कुलुपाला पूर्ण बंद होण्यासाठी अनेकदा दोन फेरे लागतात. आतून किल्ली कुलुपातच ठेवून झोपले, तर काही कुलुपे दुसऱ्या किल्लीने बाहेरून उघडत नाहीत, त्यामुळे जोडीदार उशिरा परतणार असेल तेव्हा किल्ली काढून शेजारी ठेवावी.

लिफ्ट जाळीच्या सरकत्या दारांची असेल, तर बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही दारे नीट बसल्याशिवाय ती हलत नाही. नवखे लोक बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतात, दोष मात्र एक बोट उघड्या राहिलेल्या दाराचा असतो. उतरल्यावरही दोन्ही दारे लावावीत, नाहीतर ती लिफ्ट त्याच मजल्यावर अडकून राहते आणि खाली ताटकळणाऱ्या माणसाला पाच मजले चढावे लागतात. खोलीत शिरल्याबरोबर दाराच्या मागे लावलेला आग लागल्यास बाहेर पडण्याचा नकाशा एकदा वाचावा आणि तो मार्ग प्रत्यक्ष चालून पाहावा. लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत जिना एकच असू शकतो, म्हणून एरवी कंटाळवाणे वाटणारे हे काम येथे टाळू नये.

पाचवी पायरी: खोलीतील पहिला अर्धा तास

बॅग उघडण्याआधी हा अर्धा तास खोलीला द्यावा. सुरुवात दिव्यांपासून करावी. अशा खोल्यांत छताला एकच मोठा दिवा नसतो. पाच-सहा लहान दिवे ठिकठिकाणी असतात आणि त्यांची बटणे वायरवर, पायाशी, साखळीला किंवा दिव्याच्या बुडाशी दडलेली असतात. दिवस असतानाच सर्व बटणे शोधून ठेवली, तर रात्री अंधारात चाचपडावे लागत नाही. बल्बच्या आत तारेसारखे काही चमकताना दिसले, तरी तो बहुधा एलईडीच असतो, कारण युरोपीय संघात जुने तारेचे बल्ब २००९ पासून टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून टाकण्यात आले. त्या पिवळसर उजेडाचे रंगतापमान (उजेड किती पिवळा किंवा पांढरा हे सांगणारे माप) २,२०० ते २,७०० केल्विनच्या आसपास असते. त्यात खोली सुंदर दिसते, पण बारीक अक्षर वाचवत नाही. वाचनाची सवय असणाऱ्याने स्वागतकक्षात एखादा वेगळा दिवा मागावा किंवा छोटा क्लिपचा दिवा सोबत न्यावा.

कमानीसारखा वाकलेला, संगमरवरी ठोकळ्यावर उभा असलेला मोठा दिवा दिसला, तर तो कास्तिल्योनी बंधू या इटालियन रचनाकारांनी १९६२ मध्ये घडवलेला ‘आर्को’ किंवा त्याची नक्कल असेल. मूळ दिव्याच्या संगमरवराचे वजन ६५ किलोंच्या आसपास आहे आणि त्याला पाडलेले भोक शोभेचे नसून त्यातून झाडूचा दांडा घालून दोघांनी तो उचलावा यासाठी आहे. झाडू आणि दुसरा माणूस हाताशी नसताना तो सरकवण्याचा प्रयत्न करू नये. रंगीत मेणाचे गोळे तरंगणारा लाव्हा दिवा ही १९६३ मधील एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांची निर्मिती. तो लावल्या लावल्या काहीच घडत नाही, मेण तापून वर यायला तास-दोन तास लागतात. बंद पडला आहे असे समजून तो हलवला, तर आतले द्रव गढूळ होते आणि काच तर भाजण्याइतकी गरम झालेली असते. सायंकाळी लावावा आणि झोपण्यापूर्वी विझवावा.

तबकडीचा फोन चालू आहे की नुसता शोभेचा, हे त्याच वेळी तपासावे. वर उल्लेखिलेल्या न्यूयॉर्कच्या हॉटेलात असे जुने फोन दुरुस्त करून प्रत्यक्ष वापरात ठेवले आहेत. अनेक ठिकाणी मात्र वायर कुठेच जोडलेली नसते. आकड्याच्या भोकात बोट घालून तबकडी अडकणीपर्यंत फिरवावी आणि सोडून द्यावी. परतताना तिला हाताने ढकलू नये, कारण त्या परतीच्या गतीवरच विजेचे ठोके मोजले जातात. एकच्या आकड्याला एक ठोका, नवाला नऊ आणि शून्याला दहा, असा बहुतेक देशांतला हिशेब आहे. ‘अमुक सेवेसाठी दोन दाबा’ असे सांगणाऱ्या यंत्रांना बटणांचे स्वर लागतात, त्यामुळे बँकेशी किंवा विमान कंपनीशी बोलण्यासाठी हा फोन निरुपयोगी आहे. फोन शोभेचा असेल, तर अडचणीच्या वेळी स्वागतकक्षाशी कसा संपर्क साधायचा, तो क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये लगेच साठवून घ्यावा.

रेकॉर्ड प्लेअर हे या हॉटेलांचे सर्वांत लाडके आकर्षण आहे आणि सर्वाधिक मोडणारी वस्तूही तीच आहे. रेकॉर्ड लावण्यापूर्वी तिच्या मधल्या गोल कागदावर मिनिटाला किती फेरे लिहिले आहेत ते वाचावे. बारा इंची एलपी, जी १९४८ मध्ये बाजारात आली, ती सहसा ३३⅓ फेऱ्यांची असते, आणि पुढच्याच वर्षी आलेली सात इंची लहान रेकॉर्ड ४५ फेऱ्यांची. लहान रेकॉर्डचे मधले भोक मोठे असल्यास त्यात बसवायची चकती प्लेअरजवळच ठेवलेली असते. जड, ठिसूळ, ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड दिसली, तर ती वाजवू नये, कारण तिच्या खाचा रुंद असतात आणि एलपीची बारीक सुई तिच्यासाठी योग्य नसते. रेकॉर्ड कडांनी धरावी, खाचांना बोट लावू नये आणि सुईचा दांडा हाताने आपटण्याऐवजी शेजारच्या लहान तरफेने वर-खाली करावा. बाजू संपल्यावर अनेक प्लेअर आपणहून थांबत नाहीत. सुई शेवटच्या खाचेत रात्रभर फिरत राहिली, तर ती झिजते, आणि भिंतीपलीकडच्या पाहुण्यालाही ती खरखर ऐकू येते.

आकड्यांची पाने उलटून वेळ दाखवणारे घड्याळ असेल, तर त्याचा गजर पाहावा. एका मुक्कामात आमच्या आधीच्या पाहुण्याने लावून ठेवलेला गजर पहाटे चारला वाजला आणि तो बंद करण्याची कळ घड्याळाच्या पाठीमागे होती, हे कळेपर्यंत अख्खा मजला जागा झाला होता. अशा घड्याळाची वेळ पुढेच फिरवून लावावी. मागे फिरवल्यास पाने अडकतात. टंकलेखन यंत्र ठेवलेले असेल, उदाहरणार्थ ऑलिवेट्टीचे १९६९ मधील लाल ‘व्हॅलेंटाइन’, तर कळा एका वेळी एकच दाबाव्यात. दोन दांडे एकमेकांत अडकले, तर ते बोटाने हळूच सोडवावेत, जोर लावू नये.

विजेच्या जोडण्यांचा प्रश्न याहून रुक्ष, पण रोजचा आहे. पलंगाजवळ जोडणी नसेल, तर जी आहे ती कपाटामागे असते, म्हणून तेथील सॉकेटला बसणारा ॲडॉप्टर आणि एक लांब वायर सोबत असावी. बाथरूममधील ‘शेव्हर’ असे लिहिलेले सॉकेट फार थोड्या भारासाठी असते; त्यावर केस वाळवण्याचे यंत्र लावू नये.

शेवटी पाणी सोडून पाहावे. जुन्या इमारतीत गरम पाणी वरच्या मजल्यावर पोहोचायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि नळ दोन वेगवेगळ्या मुठींचे असल्यास आधी थंड सोडून मग गरम वाढवावे. टबमध्ये उभे राहून स्नान करायचे असेल, तर पडदा टबच्या आत सोडावा. लाकडी तुळयांवरच्या फरशीवर सांडलेले पाणी खालच्या खोलीच्या छतातून उतरते, आणि ते छत तीनशे वर्षांपूर्वीचे असू शकते. काही तुटलेले, ओरखडलेले किंवा बंद आढळले, तर छायाचित्र काढून त्याच वेळी स्वागतकक्षाला कळवावे.

सहावी पायरी: रात्र निभावणे

जुन्या शहराच्या रात्री नवख्याला वाटतात तितक्या शांत नसतात. अरुंद गल्लीत दोन माणसांचे बोलणे भिंतींवर आपटत चौथ्या मजल्यापर्यंत चढते, लाकडी जमीन वरच्याची पावले खाली पोहोचवते आणि चर्चच्या घंटा काही ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी वाजतात. घंटेबद्दल हॉटेलकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट येथील जुन्या घरांत एकामागे एक अशा दोन खिडक्यांची जोडी असते आणि मधल्या हवेमुळे थंडी व आवाज दोन्ही अडतात. मात्र त्यासाठी दोन्ही खिडक्यांच्या सर्व कड्या नीट लागाव्या लागतात. पाहुणे आतली खिडकी लावतात आणि बाहेरची किलकिली ठेवतात, मग काच पातळ आहे अशी कुरकुर करतात. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी सोबत न्यावी, कारण शोभेसाठी लावलेले जाळीदार पडदे पहाटेचा उजेड अडवत नाहीत. एवढे करूनही झोप लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, साफसफाई सुरू होण्यापूर्वी, चौकाकडील खोली मागावी. दुपारनंतर मोकळ्या खोल्या संपतात.

सातवी पायरी: हॉटेल पाहणे

अशा हॉटेलात एखादी दुपार आतच घालवावी, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी शहरातील एक संग्रहालय कमी झाले तरी चालेल. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली उघडलेल्या मॉर्गन्स हॉटेलाने, ज्याची अंतर्गत रचना आंद्रे प्युतमाँ यांनी केली होती, मुक्कामाची जागा हेच प्रवासाचे कारण होऊ शकते हे दाखवून दिले. आज ज्याला डिझाइन हॉटेल म्हणतात, ते बरेचसे त्या वाटेने आलेले आहे. जिन्याचा कठडा, दाराच्या मुठी, फरशीतील जोड आणि छताच्या तुळया पाहत गेले, की मूळ वास्तू कुठे संपते आणि सजावट कुठे सुरू होते, ती रेघ दिसू लागते. ही रेघ प्रामाणिकपणे दिसू देणारी हॉटेले मला अधिक आवडतात. खोट्या भेगा रंगवून भिंत जुनी करणाऱ्यांचे कौतुक वाटत नाही.

एखादी खुर्ची मूळ आहे की नक्कल, हे पाहण्यासाठी तिच्या बैठकीखाली निर्मात्याचा शिक्का, कागदी चिकटपट्टी किंवा ओतीव अक्षरे शोधावीत; खुर्ची उलटी करण्यापूर्वी अर्थातच विचारावे. काही हॉटेले आपल्या वस्तू विकतातही. छायाचित्रे काढताना इतर पाहुणे चौकटीत येणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि तिपाई लावून किंवा कपडे बदलून सविस्तर चित्रीकरण करायचे असेल, तर परवानगी घ्यावी.

आठवी पायरी: खोली सोडणे

निघण्याच्या आदल्या रात्री सामान बांधावे, कारण या खोल्यांत वस्तू हरवण्याच्या जागा फार असतात. लांब, बसक्या कपाटांचे खण खोल असतात आणि लहान वस्तू मागे सरकतात. गोल पलंगाच्या खाली सहज हात पोहोचत नाही. गडद गालिच्यावर काळी वायर दिसत नाही. रेकॉर्ड आपापल्या वेष्टनात घालून उभ्या ठेवाव्यात, प्लेअर आणि लाव्हा दिवा बंद करावा. मुक्कामात काही मोडले असेल, तर ते स्वतः सांगून द्यावे आणि भरपाई मागितल्यास ती कशाच्या आधारे ठरली, हे विचारावे: नव्याने बनवलेली रेट्रो वस्तू तशीच पुन्हा मागवता येते, व्हिंटेज वस्तूच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च पाहावा लागतो. पहिल्या दिवशी काढलेली छायाचित्रे येथे उपयोगी पडतात. पितळेच्या गोळ्याची किल्ली परत केल्याची खात्री करावी, आणि कपाटामागच्या त्या एकमेव सॉकेटमध्ये ॲडॉप्टर राहिलेला नाही ना, हे दार ओढण्यापूर्वी वाकून पाहावे.